लीलावती मुनशी : छायेच्या मताचा समाचार

लीलावती मुनशी यांच्याविषयी साहित्याच्या आणि राजकारणाच्या इतिहासात एक मत रूढ होऊन बसले आहे. ते थोडक्यात असे. कन्हैयालाल मुनशी यांच्यासारख्या प्रतिभावान कादंबरीकाराच्या, नामांकित वकिलाच्या सहवासात त्या लिहू लागल्या. त्यांच्याच हाताखाली त्यांची लेखणी घडली. त्यांच्याच आडनावामुळे विधिमंडळाची आणि पुढे संसदेची दारे उघडली. स्वतःच्या बुद्धीने त्यांनी ठळक अशी एकच गोष्ट केली, ती म्हणजे राज्यसभेत ‘अनिष्ट’ चित्रपटांवर बंदी मागणारा ठराव. म्हणजे साहित्यात त्या पतीची छाया, राजकारणातही छाया, आणि छायेबाहेर पाऊल टाकले ते केवळ सोवळेपणा दाखवण्यासाठी.

हा पूर्वपक्ष मी मुद्दाम त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो, कारण तो अडाण्यांचा नाही. त्याच्यामागे तथ्ये आहेत. १९२२ साली मुनशींनी साहित्य संसद स्थापन केली, ‘गुजरात’ मासिक सुरू केले, आणि लीलावतीबेन लेखिका म्हणून पुढे आल्या त्या याच वर्तुळातून. १९३७ साली त्या मुंबई विधानसभेत आल्या. त्याच वर्षी बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात मुनशी गृहमंत्री झाले. १९५० साली मुनशी केंद्रात अन्नमंत्री झाले, आणि लीलावतीबेनांनी स्त्रियांची अन्नपरिषद उभी केली तीही त्याच काळात. प्रत्येक टप्प्यावर पती एक पाऊल पुढे आणि पत्नी त्याच रस्त्यावर, असा हा आलेख दिसतो. यातले एकही तथ्य मला नाकारायचे नाही. माझे भांडण त्यातून काढलेल्या निष्कर्षाशी आहे. निकाल वाचकांनी द्यावा.

हे मत आले कुठून, ते आधी पाहू. मुनशींच्या आत्मचरित्राच्या खंडांपैकी ‘स्वप्नसिद्धिनी शोधमां’ हा खंड लीलावतीबेनांच्या भेटीनंतरच्या, दोघांच्या विवाहापर्यंतच्या वर्षांविषयी आहे. तो गुजरातीत फार वाचला गेला. त्याच्याही आधी वसिष्ठ-अरुंधतीच्या कथेवर मुनशींनी ‘अविभक्त आत्मा’ नावाचे नाटक लिहिले होते. दोन देहांत एकच आत्मा, ही कल्पना त्यांना आयुष्यभर प्रिय होती आणि स्वतःच्या सहजीवनाकडेही ते त्याच नजरेने पाहत. त्यांच्या प्रेमाच्या खरेपणाविषयी मला तिळमात्र शंका नाही. पण या लेखनाचा परिणाम काय झाला? गुजराती वाचकाला लीलावतीबेन भेटल्या त्या एका समर्थ लेखकाच्या आत्मकथेची नायिका म्हणून. त्यांची स्वतःची पुस्तके मागे राहिली आणि त्यांच्याविषयी लिहिलेले पुस्तक पुढे गेले. ज्या व्यक्तीचे आयुष्य दुसऱ्याच्या आत्मकथेतून आपल्यापर्यंत पोचते, ती दुय्यम दिसणारच. सांगणारा जिथे उभा असतो तिथूनच सगळे दिसते. मग हे दिसणे पुरावा म्हणून कसे मान्य करायचे?

पुरावा म्हणून आपण त्यांची पुस्तके घेऊ. लीलावतीबेनांचा जन्म १८९९ सालचा, अहमदाबादच्या जैन कुटुंबातला. शाळा लवकर सुटली, पुढचे शिक्षण घरी झाले. पहिला विवाह लालभाई शेठ यांच्याशी झाला. त्यांच्या निधनानंतर १९२६ साली मुनशींशी विवाह झाला. आता पहिल्या पुस्तकाचे वर्ष पाहा. ‘रेखाचित्रो अने बीजा लेखो’ प्रसिद्ध झाले १९२५ साली. पुस्तक आधी, आडनाव मागून. सव्वीस वर्षांची एक स्त्री, पदवी नाही, पुढे जे आडनाव तिची शिडी ठरवले गेले ते अजून तिचे नाही, आणि ती नामवंत माणसांची शब्दचित्रे रेखाटून पुस्तकरूपाने लोकांपुढे ठेवते. गुजरातीत हा प्रकार तेव्हा बाल्यावस्थेत होता.

यावर पूर्वपक्षाचे उत्तर ठरलेले आहे. आडनाव नसले तरी गुरू होताच ना? मुनशींचा सहवास १९२२पासूनचा आहे, त्यांच्याच मासिकातून ही लेखणी चालू झाली, तेव्हा विवाहाचे वर्ष काढून काय सिद्ध होते?

आक्षेप योग्य आहे. म्हणून तारखा बाजूला ठेवतो आणि प्रत्यक्ष लेखनाकडे वळतो. मुनशींचे बळ कशात होते? विस्तीर्ण पटात. ‘पाटणनी प्रभुता’, ‘गुजरातनो नाथ’, ‘राजाधिराज’ या कादंबऱ्यांत कारस्थाने आहेत, घोडदौड आहे, वीर आहेत, एकामागून एक कलाटणी देणारे प्रसंग आहेत. अलेक्झांडर ड्यूमाचा त्यांच्यावरचा प्रभाव गुजराती समीक्षेने वारंवार नोंदवला आहे. शिष्येने गुरूची नक्कल केली असती तर ती कशाची केली असती? अर्थातच ऐतिहासिक कादंबरीची. तीच तेव्हा लोकप्रिय होती, तीच मुनशींची ओळख होती. लीलावतीबेनांनी कादंबरीला हात घातला नाही. त्यांनी निवडलेल्या प्रकारात कथानक नसते, कलाटणी नसते, काळाचा सुरक्षित पडदाही नसतो. ज्याचे चित्र काढायचे तो माणूस बहुधा हयात असतो आणि उद्या सभेत समोर भेटणार असतो. त्याचा स्वभाव, त्याची लकब, त्याचा मोठेपणा आणि त्या मोठेपणातली फट हे सारे मोजक्या जागेत पकडायचे. कादंबरीकाराला पात्र घडवण्याची मुभा असते, रेखाचित्रकाराला नसते. दोन प्रकारांसाठी लागणारी नजरच वेगळी. प्रशस्त दालनात रमणाऱ्या लेखकाच्या सहवासात राहून जिने छोटी चौकट पसंत केली, तिने कोणाची नक्कल केली?

शिवाय ही चौकट काही तात्पुरती सोय नव्हती. दहा वर्षांनी, १९३५ साली, त्या रेखाचित्रांकडे पुन्हा वळल्या आणि जुन्यांच्या जोडीला नवी लिहिली. मधल्या दशकात कायदेभंगाची चळवळ होऊन गेली होती, तुरुंग होऊन गेला होता. तरी साहित्यप्रकार तोच. आवड उसनी असती तर इतके दिवस टिकली असती का?

प्रभावाचा मुद्दा इथेच निकालात काढू. मुनशींवर ड्यूमाचा प्रभाव होता असे सगळे म्हणतात. म्हणून मुनशी ड्यूमाची छाया होते असे कोणी म्हणत नाही. प्रभाव पुरुषाच्या बाबतीत संस्कार ठरतो आणि स्त्रीच्या बाबतीत परावलंबन. हा न्याय कोणता? मराठी वाचकाला तर हे फोड करून सांगण्याची गरज नसावी. रेव्हरंड ना. वा. टिळक हे केवढे कवी! लक्ष्मीबाई त्यांच्या घरात, त्यांच्या वादळी स्वभावाच्या छायेत अक्षरे गिरवू लागल्या. तरी ‘स्मृतिचित्रे’ला टिळकांच्या चरित्राचे परिशिष्ट म्हणण्याची हिंमत आज कोण करील? आपण ते पुस्तक उघडून वाचले म्हणून आपल्याला कळले. लीलावतीबेनांच्या बाबतीत वाचनाच्या आधीच निकाल लागला.

आता पूर्वपक्षाचा जो सर्वांत बळकट मुद्दा आहे, तो त्यांच्या वतीने मीच मांडतो. लीलावतीबेनांनी ‘कुमारदेवी’ हे ऐतिहासिक नाटक लिहिले. त्याच सुमारास मुनशींनी ‘ध्रुवस्वामिनीदेवी’ हे नाटक लिहिले. दोन्ही गुप्तकाळातली, दोन्हींच्या नावात एक राणी. एका घरात एकाच वेळी गुप्त राण्यांवर दोन नाटके! याहून स्पष्ट अनुकरण ते कोणते, असे कोणीही विचारील.

पण या दोन राण्या कोण होत्या? ध्रुवस्वामिनीची कथा आपल्यापर्यंत येते ती विशाखदत्ताच्या ‘देवीचंद्रगुप्त’ या हरवलेल्या नाटकाच्या उताऱ्यांतून. नवरा रामगुप्त भेकड निघतो, राणी शकांच्या स्वाधीन करायला तयार होतो. धाकटा दीर चंद्रगुप्त स्त्रीवेष घेऊन शकाला मारतो आणि राणी वाचते. कथाबीज मोठे नाट्यमय आहे, मुनशींच्या प्रकृतीला तर अगदी मानवणारे. पण या कथेत सुटका होते ती दुसऱ्याच्या पराक्रमाने. राणी हे संकटाचे कारण आहे आणि विजयाचे फळ आहे.

कुमारदेवी वेगळीच. ती लिच्छवी कुळातली, पहिल्या चंद्रगुप्ताची राणी, समुद्रगुप्ताची आई. तिच्याविषयी दंतकथा फारशी नाही. आहे ती नाणी आणि शिलालेख. सोन्याच्या त्या नाण्यावर एका बाजूला राजा आणि राणी समोरासमोर उभे आहेत, राजा तिच्यापुढे काही अलंकार धरतो आहे. राजाच्या बाजूला त्याचे नाव कोरलेले आहे, राणीच्या बाजूला तिचे. नाणे उलटले की सिंहावर बसलेली देवी दिसते आणि अक्षरे दिसतात : ‘लिच्छवयः’. राणीच्या माहेरच्या कुळाचे नाव सासरच्या सोन्यावर! ही नाणी कोणी पाडली यावर विद्वानांचा वाद आहे. नाणेतज्ज्ञ ॲलनच्या मते समुद्रगुप्ताने आईवडिलांच्या स्मरणार्थ पाडली, आपले डॉ. अनंत सदाशिव आळतेकर म्हणतात की ती पहिल्या चंद्रगुप्ताचीच आहेत. निकाल कसाही लागो, कुमारदेवीचे वजन त्याने कमी होत नाही. अलाहाबादच्या स्तंभावरील प्रशस्तीत समुद्रगुप्त स्वतःला अभिमानाने लिच्छवींचा दौहित्र म्हणवतो. एवढा मोठा दिग्विजयी राजा आईच्या बापाच्या घराण्याचे नाव मिरवतो, याचा अर्थ उघड आहे. गुप्तांच्या उदयाला या विवाहाने बळ मिळाले. ती राजाच्या घरात रिकाम्या हाताने आली नव्हती.

नवरा एका वाचवल्या गेलेल्या राणीवर लिहितो, आणि बायको सत्ता घेऊन येणाऱ्या राणीवर. काळ एक, घर एक, आणि निवड जवळजवळ विरुद्ध टोकाची. ज्याला अनुकरणाचा पुरावा म्हणून पुढे केले, तो तपासल्यावर स्वतंत्र बुद्धीचा पुरावा ठरतो. माझ्या मते लीलावतीबेनांच्या साऱ्या लेखनात याइतकी बोलकी निवड दुसरी नाही. नवऱ्याच्या आणि मुलाच्या कीर्तीखाली झाकल्या गेलेल्या स्त्रीला त्यांनी नाटकाचे नाव दिले, आणि स्वतः त्यांच्या वाट्याला तेच झाकले जाणे आले.

राजकारणाकडे वळताना विवाहाविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे, कारण शिडीचा आरोप तिथून सुरू होतो. १९२६ सालचा समाज डोळ्यांपुढे आणा. वधू विधवा, जैन घराण्यातली, पदरी मुलगी. वर विधुर, भार्गव ब्राह्मण, पदरी मुले. विधवाविवाहाचा कायदा होऊन सत्तर वर्षे लोटली होती, तरी असा विवाह म्हणजे दोन जातींची नाराजी एकदम ओढवून घेणे होते. अशा विवाहाने त्या काळी प्रतिष्ठा मिळत नसे. असलेली पणाला लागत असे. आणि १९३०? त्या वर्षी मिठाच्या सत्याग्रहात त्या उतरल्या, तुरुंगात गेल्या. मुनशीही गेले. तुरुंगाचे दार कोणाच्या आडनावाची शिफारस घेऊन उघडत नव्हते. ज्या मुंबईत अवंतिकाबाई गोखले, कमलादेवी चट्टोपाध्याय, हंसा मेहता रस्त्यावर होत्या, त्याच मुंबईत, त्याच पिढीत लीलावतीबेन होत्या. इतरांना आपण स्वातंत्र्यसैनिक म्हणतो. यांनाच तेवढे पत्नी का म्हणायचे?

अन्नाच्या कामावर जरा थांबायला हवे, कारण त्यांचे सर्वांत टिकाऊ कर्तृत्व इथे आहे आणि सर्वांत कमी बोलले जाते तेही इथेच. स्वातंत्र्यानंतरची ती वर्षे धान्यटंचाईची होती. रेशन, परदेशी गहू, काळा बाजार यांत सरकार मेटाकुटीला आलेले होते. अशा वेळी लीलावतीबेनांच्या पुढाकाराने स्त्रियांची अखिल भारतीय अन्नपरिषद स्थापन झाली आणि तिने ‘अन्नपूर्णा’ नावाची उपाहारगृहे चालवली. कल्पना साधी होती आणि मुळावर घाव घालणारी होती. तांदूळ-गव्हावरचा भार हलका करायचा, दुय्यम मानलेल्या अन्नाला ताटात मानाची जागा द्यायची, आणि स्वस्त, पोषक जेवण स्त्रियांनी स्वतः चालवलेल्या संस्थेतून लोकांना द्यायचे. घराबाहेर जेवणे हा मध्यमवर्गाला तेव्हा निम्मा विटाळ वाटत होता. रोजचे जेवण ही सार्वजनिक धोरणाची बाब आहे, हे त्यांनी व्याख्यान देऊन सांगितले नाही. चूल पेटवून दाखवले.

पूर्वपक्ष म्हणतो, हे तर नवऱ्याच्या खात्याचे शेपूट. ठीक. मग शेपटाची परीक्षा सोपी आहे. धड गेले की शेपूट गळते. मुनशी अन्नमंत्री होते १९५० ते १९५२. त्यानंतर ते उत्तर प्रदेशाचे राज्यपाल होऊन लखनौला गेले आणि १९५७पर्यंत तिथे राहिले. अन्नखात्याशी त्यांचा संबंध संपला. आणि १९५४ साली, म्हणजे खाते सुटून दोन वर्षे झाल्यावर, याच स्त्रियांच्या परिषदेने लीलावतीबेनांच्या नेतृत्वाखाली मुंबईत खाद्यव्यवस्था आणि पोषणशास्त्र शिकवणारी संस्था काढली. देशातली अशा प्रकारची ती पहिली. आज ती दादरला वीर सावरकर मार्गावर आहे. मुंबईकर तिला ‘दादर केटरिंग’ म्हणतात, आणि देशोदेशीच्या हॉटेलांत तिथून शिकून गेलेली माणसे आहेत. संस्थेच्या अधिकृत नावात हॉटेल व्यवस्थापन आणि केटरिंगच्या जोडीला ‘अप्लाइड न्यूट्रिशन’, म्हणजे उपयोजित पोषणशास्त्र, अजूनही टिकून आहे. पंचतारांकित स्वयंपाकघराच्या शिक्षणात हा पोषणाचा शब्द आला कुठून? टंचाईच्या त्या वर्षांतून, ‘अन्नपूर्णा’च्या ताटातून. मंत्रिपद दोन वर्षे टिकले. संस्था सत्तर वर्षे चालू आहे. आता शेपूट कोणते ते वाचकांनी सांगावे.

राहिला चित्रपटांचा ठराव. लीलावतीबेन १९५२ ते १९५८ राज्यसभेत मुंबई राज्याच्या प्रतिनिधी होत्या. १९५४ साली त्यांनी तिथे देशी-विदेशी अनिष्ट चित्रपटांचे प्रदर्शन रोखण्यासाठी सरकारने पावले उचलावीत असा ठराव मांडला. हा ठराव मला स्वतःला पटत नाही. ‘अनिष्ट’ काय हे ठरवण्याचा अधिकार सरकारच्या हाती आणखी पक्का करणे हा कलेच्या तब्येतीवरचा इलाज नव्हे, असेच माझे मत आहे. पण न पटणे वेगळे आणि हिंदी पडद्यावरचा सगळा संकोच, सगळी कात्री एका स्त्रीच्या नावावर मांडणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीला इतिहासाचा आधार नाही.

कायदे पाहा. चित्रपटांचे परीक्षण इंग्रजांनी १९१८च्या कायद्याने सुरू केले. १९२०पासून मुंबईत परीक्षण मंडळ होते. स्वतंत्र भारतात केंद्रीय मंडळ १९५१ साली आले, आणि सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ सालचा. सभ्यता आणि नीतीच्या कसोट्या त्यात लिहिलेल्याच होत्या. ठराव आला १९५४मध्ये, आणि ठराव म्हणजे शिफारस, कायदा नव्हे. दोन वर्षांनंतरची शिफारस दोन वर्षे आधीच्या कायद्याची जननी कशी ठरते?

शिवाय त्या एकट्या होत्या का? त्याच वर्षी दिल्लीच्या सुमारे १३,००० गृहिणींनी चित्रपटांच्या दुष्परिणामांविषयी पंतप्रधान नेहरूंना निवेदन दिले होते. त्याच्या पंधरा वर्षे आधी गांधीजींनी सिनेमाला अनिष्ट गोष्टींत बसवले म्हणून लेखक आणि चित्रपटकार ख्वाजा अहमद अब्बास यांना गांधीजींच्या नावे खुले पत्र लिहावे लागले होते. आणि त्याच अब्बासांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा १९७० साली न्यायालयाने पूर्वपरीक्षणाचे तत्त्व उचलून धरले. राष्ट्रपिता, हजारो गृहिणी, सर्वोच्च न्यायालय; या सगळ्यांची भूमिका ‘त्या काळाचा विचार’ म्हणून समजून घ्यायची, आणि तीच भूमिका लीलावतीबेनांनी घेतली की तो त्यांचा व्यक्तिगत सोवळेपणा? त्या वर्षांत राज्यसंस्था चित्रपटाकडे दोन्ही हातांनी येत होती. एका हातात कात्री होती, दुसऱ्या हातात पदक होते. १९५४ सालीच अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. चित्रपटाने समाज घडवावा ही अपेक्षा दोन्हींच्या मुळाशी होती. लीलावतीबेनांनी त्यातली कात्रीची बाजू घेतली. ती चूक म्हणा. पण चूकही त्यांचीच होती, हे तरी मान्य करा. राज्यपाल पती लखनौत असताना त्यांनी दिल्लीत स्वतःच्या नावाने हा वाद अंगावर घेतला. छाया वाद अंगावर घेत नाही.

आणि सोवळेपणा म्हणावे तर कोणाचा? ज्या स्त्रीने वैधव्यानंतर जातीबाहेर विवाह केला, मिठासाठी तुरुंग पाहिला आणि मध्यमवर्गाला घराबाहेर जेवायला बसवले, तिचा? अन्नाचे काम आणि चित्रपटाचा ठराव एकाच वर्षी, १९५४ साली, एकमेकांशेजारी उभे आहेत. घरातल्या ताटात काय पडते आणि घरातली मुले पडद्यावर काय पाहतात, या दोन्ही गोष्टी बायकांनी आपसात कुजबुजायच्या नसून संसदेत आणि संस्थांत ठणकावून मांडायच्या आहेत, या एकाच भूमिकेतून त्या दोन्हींकडे गेल्या. एका बाबतीत त्यांचा उपाय बरोबर ठरला, दुसऱ्या बाबतीत नाही. भूमिका मात्र सुसंगत आहे आणि ती मुनशींच्या कोणत्याही कादंबरीतून आलेली नाही.

लेखन थोडे आहे, हा एक आक्षेप उरतो. आहे खरेच. रेखाचित्रे, एक नाटक, ‘जीवनमांथी जडेली’मधले लेखन, आणि १९७५ साली ‘संचय’. पण हेही पाहावे की ‘संचय’ आले तेव्हा मुनशींना जाऊन चार वर्षे झाली होती, लेखिका पंचाहत्तरीला टेकली होती, आणि अजून स्वतःचे पुस्तक काढत होती. १९७८ साली त्या गेल्या. थोडे लिहिणे हा परावलंबनाचा पुरावा होत असेल, तर राजकारणात वर्षे घालवलेल्या कितीतरी मान्यवर लेखकांची नावे आपल्याला यादीतून खोडावी लागतील.

तेव्हा विरुद्ध पक्षाकडे माझे मागणे साधे आहे. लीलावतीबेनांच्या रेखाचित्रांतले मुनशींच्या शैलीचे ऋण त्यांनी उतारे समोर ठेवून दाखवावे. ‘कुमारदेवी’त ‘ध्रुवस्वामिनीदेवी’चे अनुकरण कुठे आहे ते प्रवेशाप्रवेशाने सांगावे. अन्नखाते सुटल्यावर स्थापन झालेली संस्था अन्नमंत्र्यांची कशी, ते समजावून द्यावे. हे जमले तर मी माझे म्हणणे मागे घेईन. तोपर्यंत गुजराती साहित्याच्या इतिहासात त्यांचे नाव मुनशींवरच्या परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीत लिहिण्याची पद्धत बंद व्हावी, आणि रेखाचित्राच्या प्रकरणात, आरंभीच्या लेखकांमध्ये, त्यांना स्वतंत्र नोंद मिळावी.